पिकअपला आवतन

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानांची जुडी करायची, कोमट तूप-हळदीत बुडवायची, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यावरून फिरवायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आमच्या गोठ्यात आता बैल नाही. पिकअप आहे. म्हणून आम्ही पिकअपचा खांदा शेकतो.

हसू आलं तर हसून घ्या, गावही हसलं होतं. आमची शेवटची जोडी मोऱ्या आणि चांद्या. चांद्या गेला त्या साली माझे मालक, रामाजी, म्हणाले, "संत्रं हिनं वाहिलं, खत हिनं वाहिलं, तुया गुडघ्याच्या ऑपरेशनले नागपूरले हिनंच नेलं. मंग खांदा कोणाचा शेकाचा?" तेव्हापासून पोळ्याच्या आदल्या दिवशी पिकअपचं जुनं इंजिन ऑइल काढायचं, नवं भरायचं आणि ऑइल फिल्टर बदलायचा. नवा फिल्टर बसवण्याआधी पाटावर ठेवायचा. हळद, कुंकू, वरून तुपाचं बोट. घरातल्या प्रत्येकीनं लावायचं. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली गावातल्या जोड्यांच्या रांगेत, अगदी शेवटी, आमची पिकअप उभी राहायची. बोनेटवर झूल, आरशांना बेगड.

रामाजी गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्यामागचा हा पहिला पोळा.

त्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. ऊन असं पडलं होतं की ओल्या गोठ्यातून वाफ निघत होती. माझा मुलगा जितेंद्र पिकअपखाली पाठीवर पडला होता, त्याचे पाय तेवढे बाहेर. नात अपेक्षा जवळ उकिडवी बसून हत्यारं देत होती. सून दिपाली ओट्यावर माती मळत होती. खरे बैल नाहीत म्हणून आम्ही देव्हाऱ्यापुढे पूजेला मातीचे बैल करतो, ती माती.

"फिल्टर निघून नाही राहिला वं," जितेंद्र खालून म्हणाला. "जाम बसला."

"बाबा, आबाजी जुपणं गुंडाळत जाय," अपेक्षा म्हणाली. जुपणं म्हणजे बैलाला जुवाशी बांधायचा चामड्याचा पट्टा. मोऱ्याचं जुपणं अजून खुंटीला आहे. रामाजी ते फिल्टरला दोनदा वेढायचे, टोक धरून झटका द्यायचे, की फिल्टर गपचूप फिरायचा.

"आबाजीचं आबाजीसंगं गेलं. पेचकस दे. अन् हातोडी."

"बाबा, फुटन तो."

"फुटू दे. फेकाचाच आहे ना?"

पेचकस फिल्टरच्या आरपार गेला आणि वर्षभराचं काळं ऑइल जितेंद्रच्या कपाळावर, मिशीवर आणि उघड्या तोंडात पडलं. तो काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. बाहेर आला तेव्हा त्याचे फक्त डोळे पांढरे दिसत होते. दिपालीनं पदर तोंडात धरला, तरी हसू बाहेर आलंच.

"हास," तो म्हणाला. "मिरवून जाळतात ती काळी मारबत दिसून राहिलो ना मी? हास."

तो चेपलेला डबा त्यानं हातात धरून फिरवला. नंबर शोधत होता. पण नंबर कुठून सापडणार? घरातल्या साऱ्या बायांची हळद, कुंकू आणि तूप इंजिनाच्या आचेवर वर्षभर भाजून त्याचं काळं कवच झालं होतं. नखानं खरवडलं तर कवचाबरोबर रंगही निघाला, खालून नुसता पत्रा.

"पाह्य माय, तुमची पूजा! नंबरच खाऊन टाकला."

"तुया बापाले कधी नंबर लागला नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात फाटकाशी कवडूची तीनचाकी थांबली. कवडू माझ्या माहेरच्या गावचा, भंगाराचा धंदा करतो, मला आत्या म्हणतो आणि जिथं गंजलेलं लोखंड दिसेल तिथं त्याला माया येते. गेल्या उन्हाळ्यापासून त्याचा आमच्या पिकअपवर डोळा होता.

"राम राम आत्या! काय गा जितू, तोंडाले काय फासलं? नवरी पाहाले चालला का?"

"बस गा. तुयीच वाट पाहून राहिलो," जितेंद्र म्हणाला. "ही गाडी मले बिलकुल नको आता. दर महिन्याले एक नखरा. पोळा झाला का घेऊन जा."

अपेक्षाच्या हातातला पाना खाली पडला.

तिचं काय त्यात होतं ते सांगायला हवं. पोरीला गाडी रामाजींनी शिकवली, याच पिकअपवर. तिला लायसन मिळालं त्या दिवशी ते पेढे घेऊन गावभर फिरले होते. आता तिनं नागपुरातल्या बेशाच्या आणि मनीषनगरच्या फ्लॅटमधल्या बायांशी बोलणं पक्कं केलं होतं. भेंडी, दोडके, चवळीच्या शेंगा, धोप्याची पानं, पुढं संत्री, सगळं शेतातून थेट त्यांच्या दारात. पहिली फेरी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, म्हणजे परवाच. गाडी गेली की ते सगळं गेलं. दुसरी गाडी काही तिच्यासाठी कोणी आणून देणार नव्हतं.

"बाबा, गाडी द्याची नाही," ती म्हणाली.

"काहून?"

"म्या शब्द देला लोकायले."

"शब्द तुया, गाडी मायी."

"गाडी आबाजीची!"

जितेंद्रनं फडक्यानं तोंड पुसलं, ते आणखी पसरलं. मग म्हणाला, "बरं. उद्या तोरणाखाली आपल्या चाकावर चालत गेली, चालत वापस आली, तं ठेव. तुयी गाडी. अन् ढकलत न्या लागली, तं परवा कवडूची. कबूल?"

"कबूल," अपेक्षा म्हणाली.

"मले बी कबूल," कवडू म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. जाताना त्यानं दारातलं मोडकं घमेलं उचललं, फुटका नांगराचा फाळ उचलला आणि जितेंद्रनं फेकलेला तो चेपका फिल्टरही पोत्यात टाकला. आम्ही तिघी पाहत होतो. कोणाच्याच डोक्यात आलं नाही की तो नमुना होता.

दुपारी जितेंद्र सावनेरला जाऊन फिल्टर घेऊन आला. गाडीचे कागद दाखवले, साल दाखवलं, दुकानदारानं कागदावरचं पाहून दिला. खोक्यावर अगदी आमच्यासारख्याच पिकअपचं चित्र होतं. पाटावर ठेवला, आम्ही हळदकुंकू लावलं. जितेंद्रनं रबरी कडीला ऑइलचं बोट फिरवलं, खाली शिरला आणि हातानंच फिरवून बसवला. "चार आटे घेतले अन् मंग जरा अडला," म्हणाला, "पण बसला." वरून ऑइल भरलं. अपेक्षा स्टेअरिंगवर बसली.

समोर काट्यांच्या पट्टीवर एक लाल दिवा आहे, चिरागाच्या आकाराचा. चावी फिरवली की लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. ऑइल सगळीकडे पोचलं म्हणजे विझतो, असं रामाजी सांगायचे. अपेक्षानं स्टार्टर मारला. इंजिन खोकलं, घरघरलं, चालू झालं.

"विझला का?" मी विचारलं.

"नाही आजी."

"आता?"

"नाही. लालच आहे."

तोच दिपाली ओरडली. पिकअपच्या पोटाखालून नवं कोरं, मधासारखं ऑइल कारंज्यासारखं उडत होतं. तिनं सकाळी घातलेल्या रांगोळीच्या बैलांवरून त्याचा ओघळ तुळशीकडे निघाला होता. कोंबड्या त्यातून पळाल्या आणि पिवळ्या पायांनी साऱ्या ओट्यावर नाचल्या.

"बंद कर! बंद कर वं!"

इंजिन बंद झालं. जितेंद्र ओट्याच्या कडेला बसला. त्यानं हात असे पुढे धरले होते, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. "संपलं," म्हणाला. "मायापरीनं केलं बाप्पा. आता नाही."

त्याला गाडी नकोच होती, असं कोणी म्हणेल. पण मी त्याची आई. बापाला जमायचं ते आपल्याला जमलं नाही, ते त्याच्या पाठीच्या पोकावरून दिसत होतं. लहानपणी वखराची रेघ वाकडी गेली की असाच बसायचा.

अपेक्षानं कवडूला फोन लावला. "तुमच्या पोत्यातला तो फिल्टर ठेवजा," म्हणाली.

"पोतं कवाच खाली झालं बेटा," कवडूचा आवाज आला. "मोठ्या गाडीत भरून गेलं. आता तो कोणत्या भट्टीत आहे देव जाणे. काहून, उद्या ढकलाले माणसं पाहिजे का?"

तिनं फोन ठेवला आणि रडू लागेल असं मला वाटलं. ती रडली नाही. पिकअपखाली शिरली, चांगली चिखलात लोळून. मग खालून तिचा आवाज आला.

"आजी, इथी इंजिनावर जुन्या रबराचा गोल डाग आहे. नव्या फिल्टरची कडी त्याच्यापेक्षा लहान आहे. एका बाजूनं बाहेर लटकून राहिली."

"म्हणजे माप चुकलं."

"पण कागद तं बरोबर आहे," जितेंद्र म्हणाला. "गाडी तीच, साल तेच."

तेव्हा मला मोऱ्या-चांद्या आठवले.

"जितू," मी म्हटलं, "इंजिन या गाडीचं नाहीच गा."

"काय?"

"तू तवा पुण्याले कंपनीत होता. या गाडीचं पहिलं इंजिन खापा रोडवर जागेवर बसलं. पाणी संपलं होतं, तुया बापानं पाह्यलं नाही. मोऱ्या-चांद्याले जुपून गाडी घरी आणली. मी पुढं कासरा धरून, अन् हे स्टेअरिंगवर बसून दोन्ही हातानं गावाले नमस्कार करून राह्यले, नवरदेवासारखे. बाया ओट्यावरून म्हणे, सुभद्राबाई, वरात कोणाची? मंग नागपूरहून दुसरं इंजिन आणलं. काळीपिवळीचं."

काळीपिवळी म्हणजे आमच्याकडच्या सवारी नेणाऱ्या जुन्या जीपा. एका जीपचा डबा गंजून गेला होता, पण इंजिन ठणठणीत होतं. तेच आमच्या पिकअपच्या पोटात गेलं. घरात ही गोष्ट कधी लपलेली नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं.

"माय, हे सकाळी नाही सांगता आलं?"

"सकाळी तू हातोडी मारून राह्यला होता."

अपेक्षा खालून बाहेर आली. केसात चिखल, गालावर ऑइल आणि डोळे लखलखीत. "आजी, बांगडी दे."

नवा फिल्टर काढून माझी काचेची बांगडी तिनं आत नेऊन त्या डागावर धरली. लहान. माझे हात आता वाळून काटक्या झालेत. तिचं स्वतःचं स्टीलचं कडं धरलं. मोठं. मग दिपालीची श्रावणात भरलेली हिरवी बांगडी. दिपालीचा हात शेतात राबून जाड झाला आहे, साबण लावून, ओठ चावून तिनं ती काढली आणि लगेच डब्यातली दुसरी चढवली. हात मोकळा ठेवणाऱ्यातली ती नाही.

"मम्मीची बराबर बसली!" खालून आवाज आला. "कडीचं माप भेटलं. आता आट्याचं काय कराव?"

इंजिनाला पुढं आलेली एक आखूड नळी असते, आट्यांची. फिल्टर तिच्यावर फिरवतात. तिचा जाडपणा आणि आट्यांमधलं अंतर, दोन्ही जुळायला हवं. अपेक्षानं मोबाइलवर फोटो काढले, पण फोटोत माप कुठं असतं? दिपाली ओट्यावर उभी होती, हाताला बैलाची माती लागलेली. दोघी मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. एक बैल राहून गेला तरी चालणार होतं. मातीचा गोळा अपेक्षानं त्या नळीवर दाबला, थोडा वेळ थांबली आणि पेचाच्या झाकणासारखा हलके हलके फिरवत काढला. आत आट्यांच्या रेषा अशा उमटल्या होत्या, जशा शंखात असतात. तो गोळा रात्रभर चुलीच्या वैलावर वाळत ठेवला.

लांबीचं माप माझं. त्या डागापासून खालच्या लोखंडी आडव्या पट्टीपर्यंत किती जागा, ते अपेक्षानं माझा हात आत घालून पाहिलं. मी जमिनीवर कुशीवर झोपून, या वयात. मूठ बसली, मुठीवर दोन बोटं बसली, तिसरं नाही.

दिवेलागणीला आम्ही पिकअपचा खांदा शेकला. गाडी बिनफिल्टरची उभी, खाली घमेलं. तरी पळसाची जुडी बोनेटवरून फिरवली. अपेक्षा खिडकीशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अन् चालत या बरं, ढकलत नाही." जितेंद्र लांब उभा होता. मग तोही आला, जुडी घेतली आणि मागच्या दोन्ही चाकांवरून फिरवली.

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी आणि अपेक्षा स्कूटीवर नागपूरला निघालो. दिपालीनं पुरणाला डाळ घालून ठेवली होती. "आई, तुम्ही काहून चालल्या? पाठ मोडन," ती म्हणाली. मी म्हटलं, माझी मूठ घरी ठेवून कसं चालेल? जेवणाच्या डब्यात मातीचा गोळा, रुमालात बांगडी, पिशवीत सावनेरचा ओला फिल्टर. रस्त्यानं पळसाच्या डहाळ्या घेऊन येणारी पोट्टी, धुतलेल्या जोड्या, शिंगांना ओला रंग. अपेक्षाचा फोन वाजला. थांबून तिनं घेतला.

"अपेक्षा ना? मी बेशाहून बोलतेय. उद्या नक्की येताय ना तुम्ही? आमच्या अख्ख्या विंगमध्ये सांगितलंय मी. ती अळूची मोठी पानं आणा हं."

"धोप्याची. हो ताई. नक्की," अपेक्षा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिची मान मागून मला दिसत होती, घामानं भिजलेली.

नागपुरात मोटारच्या सुट्या भागांच्या गल्लीत पोचलो तर अर्धी शटरं खाली. पोळ्याची सुट्टी. एका दुकानाचं शटर कमरेपर्यंत आलं होतं. अपेक्षा सरळ त्याच्याखालून आत गेली. मी वाकू शकत नाही, म्हणून बाहेर पायरीवर टेकून काठी शटरवर वाजवली.

"अरे अरे, कोण आहे? दुकान बंद आहे!" गल्ल्यामागची बाई ओरडली. गोल चेहरा, नाकावर चष्मा, हातात लाटण्यासारखा गुंडाळलेला कॅलेंडरचा कागद. शोभाताई तिचं नाव, ते मागाहून कळलं. "घरी पुरण वाट पाहून राहिलं माझं. काय पाहिजे?"

"ऑइल फिल्टर. जुन्या पिकअपचा."

"साल?"

"साल सांगून फायदा नाही ताई. इंजिन काळीपिवळीचं आहे."

"कोणत्या काळीपिवळीचं? त्याच्यात तीन प्रकारची इंजिनं येत होती. जुना फिल्टर आणला?"

"भंगारात गेला."

"नंबर?"

"हळदीत गेला."

शोभाताईनं चष्मा वर केला. "मग आणलं काय?"

अपेक्षानं गल्ल्यावर रुमाल सोडला आणि डबा उघडला. हिरवी बांगडी आणि मातीचा गोळा. मी शटरबाहेरून आत हात घालून मूठ दाखवली, वर दोन बोटं धरली. "अन् हे!"

शोभाताई आधी बांगडीकडे बघत राहिली, मग गोळ्याकडे, मग माझ्या मुठीकडे. आणि जी हसायला लागली ती गल्ला धरून खाली बसली. "बाई गं! माझ्या दुकानात लोकं फोटो आणतात, इंजिनचं झाकण आणतात, एकानं तर अख्खं इंजिन आणलं. हे... हे पहिल्यांदा!" मग उठून शटर पूर्ण वर केलं आणि मला स्टूल दिलं. "बसा आई. पाहू द्या, काय म्हणते तुमची माती."

तिनं नटबोल्टांचा डबा ओतला. एकेक बोल्ट गोळ्यात हलके फिरवून पाहिला. पहिला सैल. दुसऱ्यानं माती फोडायला घेतली, तसा लगेच काढला. तिसरा असा शिरला, जसा स्वतःच्या घरात. गोळ्याची कड थोडी झडली, पण आटे शाबूत राहिले.

"हे आटे. आता कडी." फळीवरून त्या आट्यांचे फिल्टर उतरवले आणि प्रत्येकाच्या रबरी कडीवर बांगडी ठेवत गेली. कासार हात दाबून पाहतो ना, तशी. दोनच उरले, बाकी अगदी सारखे, फक्त एक उंच आणि एक बुटका.

"उंचात ऑइल जास्त मावते," शोभाताई म्हणाली. "चांगला तोच. पण बसला पाहिजे."

मी मूठ ठेवली, वर दोन बोटं. उंच फिल्टर माझ्या बोटांच्या वर गेला. "खालच्या पट्टीले लागन हा."

"मग बुटका. त्याच्यावरच तुमचं इंजिन जन्मभर चाललं असणार." तिनं खोक्यातून तो काढून त्याच्या तोंडातून आतली रबरी झडप बोटानं दाबून दाखवली. "ही असली की गाडी उभी असताना ऑइल खाली उतरत नाही. ही पाहूनच घ्यायचा. आणि आता ह्याचा नंबर लक्षात ठेवा."

तिनं एका पेनानं फिल्टरच्या बुडाशी नंबर मोठा करून लिहिला. सावनेरचा ओला फिल्टर मात्र तिनं हातातही घेतला नाही. "ऑइल लागलेला कोणी वापस घेत नसतो आई. घरी न्या, पेपरवेट करा." मातीचा गोळा तिनं मागून घेतला. दुकानात ठेवायला, म्हणाली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवीन.

घरी पोचलो तर ऊन कलायला लागलं होतं आणि तोरणाकडून डफड्याचा आवाज सुरू झाला होता. जितेंद्र आमची वाट बघत गोठ्यातच बसला होता. पोरीनं काय आणलं ते पाहिलं आणि खाली शिरला. त्यानं इंजिनावरची ती गोल जागा स्वच्छ धोतराच्या फडक्यानं पुसली. बापाच्या धोतराच्या.

फिल्टर पाटावर आला. मी हळदीचं बोट उचललं तर अपेक्षानं माझं मनगट धरलं.

"आजी! नंबरावर नको!"

"मंग कुठं लावू?"

"मांगून लाव. पाठीले."

पाठीला लावलं. जितेंद्रनं हातानं फिरवला, एकेक आटा घेत. "कुठीच अडला नाही," खालून म्हणाला आणि आवाजात असं काही होतं, जणू बैलानं पहिल्यांदा त्याच्या हातचा चारा खाल्ला.

ऑइल भरलं. अपेक्षा बसली. चावी फिरवली, लाल दिवा लागला. स्टार्टर. इंजिन घरघरलं. आम्ही तिघं खिडकीत डोकी घालून त्या दिव्याकडे पाहत होतो, दिपालीच्या हाताचं पुरण माझ्या लुगड्याला लागत होतं. दिवा जरा थरथरला.

विझला.

"खाली पाहा कोणी!" अपेक्षा ओरडली.

जितेंद्र पालथा पडला, गाल जमिनीला लावून. "कोरडं," म्हणाला. "एक थेंब नाही. कोरडं ठणठणीत!" तो उठला तेव्हा पुन्हा त्याचं तोंड काळं झालं होतं आणि या वेळी तोच सगळ्यांत मोठ्यानं हसत होता.

तोरणाखाली पिकअप चालत गेली. स्टेअरिंगवर अपेक्षा, तिच्या शेजारी मी, मागं उभा जितेंद्र झूल सावरत. जोड्यांच्या रांगेत शेवटी उभी राहिली. कवडू आधीच येऊन थांबला होता, बरोबर दोन धट्टीकट्टी पोरं घेऊन. ढकलायला. गाडी आपल्या चाकावर येताना पाहून पोरं हळूच पांगली. इंजिन बंद करून परत चालू झालं, तेव्हा कवडूनं कपाळाला हात लावला.

मग झडत्या सुरू झाल्या. प्रत्येक जोडीपुढे कोणी ना कोणी दोन ओळी रचून म्हणतो, बाकीचे महादेवाचा गजर करतात. आमच्या गाडीपुढे कोणी येईना. गर्दीतून कवडूलाच लोकांनी पुढं लोटलं. त्यानं टोपी सारखी केली, घसा खाकरला:

"चाऱ्याबिगर राबते, पाण्याबिगर पळे,
सुभद्रात्याची गाडी पाहून कवडूचं पोट जळे!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

"हर हर महादेव!" सारं गाव ओरडलं. अपेक्षानं हॉर्न असा दाबला की पाटलाची जोडी दोन पावलं मागं सरली.

घरी आलो. गाडीला ओवाळलं, बोनेटवर पुरणपोळीचा घास ठेवला. पोळ्याला जोडी घेऊन दारात येणाऱ्याला बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, द्यायचा असतो. कवडू तीनचाकी घेऊन दारात उभा राहिला, दात काढून.

"आत्या, गाडी नाही तं नाही. बोजारा तरी द्या."

मी आत गेले. सूप घेतलं, त्यात पोळ्या ठेवल्या, भजी ठेवली आणि मधोमध सावनेरचा तो ओला फिल्टर. वरून हळदकुंकू लावलं. याच्या नंबराची कोणाला काळजी नव्हती.

कवडूनं सुपात पाहिलं. फिल्टर उचलून कानाशी हलवला, तोलून पाहिला, जसा तो सगळंच तोलतो. "हाच का तो?"

"हाच. भंगारच घेत असतो ना तू?"

तो हसला, वाकून माझ्या पाया पडला आणि फिल्टर पोत्यात टाकला. "येतो मंग पुढच्या पोळ्याले."

गोठ्याकडून क्रेट आपटल्याचा आवाज आला. जितेंद्र अंधार पडायच्या आत धोप्याची पानं मागच्या डाल्यात भरत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. अपेक्षा त्याच्यावर ओरडत होती, "बाबा, वजनी माल खाली, पानं वरतं!"

"ये कवडू," मी म्हटलं. "आजच आवतन घेऊन जा."